त्रिकाळ महाराजांचं बॅक बटण

यवतच्या बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. त्रिकाळ महाराज डोळे मिटायचे, पापण्या फडफडवायचे आणि न विचारता दुखणं सांगून मोकळे व्हायचे. "भामाबाई! रक्तात साखर तीनशे बारा! खरं का खोटं?" आकडा तंतोतंत तोच! बाईंनी लोटांगणच घातलं. "इन्सुलिनच्या सुया फेका, अंगारा खा," महाराजांचा हुकूम सुटला.

तीन दिवसांनी भाची प्रगती वरवंडहून आली, तर आत्याच्या तोंडाला कोरड पडलेली, उभं राहवत नव्हतं आणि सुया उकिरड्यावर. प्रगती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिचं डोकं भडकलं.

"आत्या, दवाखान्यात चल."

"म्हाराज म्हणल्याबिगर न्हाई. त्यांनी न विचारता साखरेचा आकडा सांगितला."

"त्यांना आकडा कुणी सांगितला?"

"कोन सांगतंय? दत्ताच्या काम्प्युटरच्या दुकानात रिपोट काढला, त्यो पिशवीतच हाय. म्हाराजांचा नंबरबी तिथंच लावला."

अस्सं! सातबारा असो की रक्ताचा रिपोर्ट, आपण दुकानदाराला पासवर्ड सांगून खुशाल चहाला जातो. दर्शनाला चल म्हणत प्रगतीनं आत्याला रिक्षात घातलं आणि दत्ताच्या दुकानात आणून बसवलं. दत्ताकडं दर्शनाचा नंबर लावला, त्याच्याच कॉम्प्युटरवर लॅबच्या साइटवर स्वतःच्या नावानं लॉगिन केलं आणि 'जुना आजार' या रकान्यात लिहिलं: डाव्या पायात लोखंडी पट्टी. मग लॉगआउट करून ती शेडमध्ये येऊन बसली.

तासाभरानं पापण्या फडफडल्या. "पोरी, डाव्या पायात लोखंड हाय तुझ्या! चालताना कळ येती!"

प्रगतीनं चप्पल काढली आणि डाव्या पायावर तीन उड्या मारल्या. "लोखंड पायात न्हाई महाराज, फॉर्मात हाय. मीच लिहिलंय, दत्ताच्या दुकानात."

"सूक्ष्म लोखंड असतं बाळ, दिसत न्हाई."

शेडमध्ये खसखस पिकली. गर्दी दत्ताच्या दुकानात घुसली. दत्ताचा चेहरा पांढराफटक! प्रगतीनं बॅकचं बटण दाबलं. लॉगआउट केलेलं पान जसंच्या तसं पुढ्यात. "ब्राउझर दाखवलेल्या पानाची नक्कल जवळ ठेवतो. साइटवाल्यानं 'ठेवू नको' असं बजावलं नसलं, की मागं जाऊन कुणीही वाचावं." मग तिनं लॉगिनच्या चौकटीवर बोट ठेवलं. भामाबाईंचा नंबर आणि पासवर्ड आपोआप भरला गेला. दत्तानं तो केव्हाच सेव्ह करून ठेवला होता. दत्ता वाचायचा, फोन करायचा आणि महाराजांना दिव्यदृष्टी यायची.

तरी महाराज दारात येऊन गरजले, "यंत्र खोटं, अंगारा खरा!"

भिंतीला टेकून भामाबाई कशाबशा उभ्या राहिल्या. "मग म्हाराज, आज माझी साखर किती हाय, सांगा."

"एकशे दहा! अंगारा लागू पडला."

प्रगतीनं पर्समधून साखर मोजायचं मशीन काढलं, आत्याच्या बोटाला टोचलं. चारशे अडुसष्ट.

भामाबाईंनी आकडा दोनदा वाचला. "मेल्या, जीव घेतला असतास माझा!" त्या कडाडल्या आणि प्रगतीचा हात धरला. "चल गं, दवाखान्यात."

बाबांनो, पासवर्ड स्वतः टाका. 'सेव्ह करू का' असं विचारलं तर नाही म्हणा. काम झालं की ब्राउझरमधलं मागचं सगळं पुसून मगच उठा. आणि तुम्ही न सांगता कुणी तुमचा आकडा सांगितला, तर पायावर डोकं ठेवण्याआधी त्याला एवढंच विचारा: हे तुम्ही कुठं वाचलंत?