भरल्या ताटावरचा शब्द

शब्दकोशाच्या कार्यालयात शिव्यांचं खातं माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळे सभ्य आहेत. संपादक सरांनी कामं वाटताना एकाला फुलांची नावं दिली, दुसऱ्याला शेतीची अवजारं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला जमेल." हा गौरव होता की टोमणा, ते मी विचारलं नाही. काम मात्र मला मनापासून आवडतं. शिवी फार फिरलेली असते. ती कुठल्या भाषेतून निघाली, वाटेत कुठे मुक्कामाला राहिली, कुठे लाडाची झाली, हे सगळं खणून काढावं लागतं.

'ह'पर्यंत पोचले तेव्हा 'हरामखोर' समोर आला आणि माझा हात थांबला. हा शब्द आमच्या घरात बरीच वर्षं मुक्कामाला आहे.

माझ्या धाकट्या भावाची नोकरी सुटली होती, तेव्हाची गोष्ट. महिनोन्‌महिने तो घरी बसून होता. एका दुपारी तो जेवत असताना बाबा दुकानातून आले, त्याच्याकडे पाहिलं आणि तो शब्द बोलले. भाऊ भरल्या ताटावरून उठला. पुढे लिफ्ट-दुरुस्तीत त्याचा चांगला जम बसला, तो वेगळा राहू लागला. अबोला वगैरे नाही. बाबांच्या घरचा नळ गळला, पंखा अडला, की हा हत्यारांची पिशवी घेऊन हजर. पण त्या घरात त्याने पुन्हा घास घेतला नाही, चहासुद्धा नाही. आई जिवंत असेपर्यंत तिने विनवण्या केल्या, मग मी केल्या, शेवटी मीही हात टेकले.

आणि आता बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बाबांनी सगळा जन्म कपडे शिवता शिवता गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात घालवला होता. ते घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी एकदा त्याला जेवायला बसव. नंतर मला हाकही मारता यायची नाही."

मी भावाला गाठलं ते एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. तो लिफ्टच्या पोलादी दोरखंडांना ग्रीस लावत होता. तिथे मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "अरे, 'हराम' अरबीतला. निषिद्ध असा त्याचा अर्थ. पण त्याच धातूपासून पवित्र जागेलाही शब्द आहे. 'खोर' फारसीतला, म्हणजे खाणारा. आपल्याकडे तर जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना म्हणतात. शब्द इतका वाईट नाही रे."

त्याने फडक्याला हात पुसले. "खाणारा?"

"हो."

"म्हणजे न कमावता खाणारा."

"मुळात तसंच, पण..."

"ताई, मी तेव्हा जेवतच होतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, रागात तोंडाला येईल ते बोलले. तू तर सांगतेस, शब्द अगदी मापात बसला होता."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरातली जखम भरायला मी शब्दाचं मूळ घेऊन गेले होते, आणि त्या मुळानेच ती आणखी खोल केली. हा गाढवपणा शब्दकोशवालीशिवाय कोणाच्या हातून झाला असता?

कार्यालयात सरांनी माझा चेहरा पाहून विचारलं. मी सगळं सांगितलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "मूळ सांगितलंत, मित्रांमधला लाडही सांगितलात. आपल्या कोशाचा रिवाज काय? ज्याने शब्द वापरला, त्याला आधी विचारायचं. विचारलंत?"

मी कधीच विचारलं नव्हतं. संध्याकाळी बाबांसमोर बसून विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं होतं?" बाबा म्हणाले, "ते त्यालाच सांगेन."

रविवारी दुपारी भाऊ आला तो दवाखान्याची पिशवी गाडीत ठेवायला. मी दोघांची ताटं वाढली होती. तो दारातच उभा राहिला. बाबा बसल्या जागेवरून बोलले, आणि मला वाटलं होतं, ते रागावर, दुकानातल्या मंदीवर, तब्येतीवर काही ढकलणार, तसं त्यांनी केलं नाही.

"तोंडातून निसटला नव्हता तो," ते म्हणाले. "दुकानातून येताना वाटेत ठरवला होता. तुझ्या जिव्हारी लागावं म्हणून. तू जेवायला बसेपर्यंत दाराबाहेर थांबलोसुद्धा. ते फार वाईट केलं मी."

मी मनात कपाळावर हात मारला. आता हा जातो कायमचा, असं वाटलं. भाऊ खाली बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

"सगळे मला समजावत आले, की त्यांना तसं म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला. "मग मीच उगाच मनाला लावून घेतो, असं वाटायचं. लागावं म्हणूनच होतं ना? मग लागलं, बाबा. फार लागलं."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

त्याने चपला काढल्या, हात धुतले आणि बाबांच्या शेजारी बसला. पहिला घास त्याला गिळता येईना. पाण्याच्या घोटाबरोबर त्याने तो उतरवला. मग दुसरा घेतला. मी वाढत राहिले. एवढे शब्द गोळा केले जन्मात, त्यातला एकही तिथे कामाचा नव्हता.

जेवणाने बाबांचा घसा दुखू लागला होता. डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून बजावलेलंच होतं, तेव्हा पुढे ते खुणांनीच बोलले, गाडीतही, दवाखान्यातही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. त्यामुळे त्यांच्या आवाजातलं आम्ही ऐकलेलं शेवटचं वाक्य त्या जेवणातलं आहे. भावाचं ताट रिकामं होत आलं होतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "त्याला वाढ अजून."