हरणाबाईची पंगत

"आरं, ताटं घेऊन कुटं निघालायसा?"

हातातली पळी तशीच घेऊन हरणाबाई स्वयंपाकाच्या शेडातून धावत आली. खिचडीनं भरलेली ताटं दोन्ही हातांनी सांभाळत पहिली-दुसरीची सगळी पोरं ओळीनं शाळेच्या फाटकाकडं चालली होती.

"घरी," सगळ्यांत पुढचा साईराज म्हणाला.

"घरी कशाला?"

"शाळंचा तांदूळ घरीच न्यायचा असतुय. आमी पिशवीतनं न्हेत हुतो की!"

पोराचं काही चुकलं नव्हतं. साथीमुळं दोन वर्षं शाळेचा तांदूळ आणि डाळ पिशवीतून घरोघर जात होती. शाळेतच शिजतं आणि शाळेतच जेवायचं असतं, हे या पोरांनी कधी पाहिलंच नव्हतं. चौथीची पोरं तेवढी पोट धरून हसत होती.

"जाऊ द्या हो हरणाबाई," मुख्याध्यापक आकारामगुरुजी म्हणाले. "उद्या सांगू समजावून."

"आवं गुरुजी, आज गेली तर उद्याबी जात्याल. मग ह्यास्नी एकत्र जेवायचं कवा कळायचं?"

अठरा वर्षं शाळेत खिचडी शिजवणारी ही बाई भर फाटकात पाय पसरून बसली. "जावा आता माज्यावरनं उड्या मारून!"

पोरं खिदळत माघारी फिरली. पण बसली ती सगळ्या मैदानभर. एक लिंबाखाली, एक झेंड्याच्या कट्ट्यावर, दोघी नळापाशी, त्याही लांब लांब. साईराजनं तर हात पसरून अंतर मोजलं आणि मगच मांडी घातली.

"आरं, ही पंगत हाय का मेंढरं पांगल्यात?"

"खेटून बसलं की आजार हुतोय," नळापासची क्रांती बारीक आवाजात म्हणाली. "गुरुजीच म्हणत्यात."

गुरुजी आपल्या चपलांकडं बघू लागले.

"आता न्हाई हुत गं, बाय."

"खरं?"

"अगदी खरं."

तरी कुणी जागचं हललं नाही.

साथीत हरणाबाईचा नवरा केरबा गेला, तेव्हा भावकी गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती. तेरा दिवस ती एकटीच जेवली होती. पुढं मग तशीच सवय पडली.

तिनं पळी शेडातल्या पातेल्यात ठेवली, एक रिकामं ताट उचललं आणि क्रांतीजवळ जाऊन मांडीला मांडी लावून बसली. पोरगी जराशी आक्रसली. तिनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान हलवली.

क्रांतीनं नाक वर करून वास घेतला. "मावशी, तुमच्या अंगाला फोडणीचा वास येतोय!"

"मग काय अत्तराचा यायचा व्हय गं?"

"मलाबी हुंगू द्या!" साईराज ताट घेऊन धावला आणि दुसऱ्या बाजूनं तिला धडकलाच. मग कट्ट्यावरचा आला, लिंबाखालचा आला. ढकलाढकली झाली. एकाची खिचडी दुसऱ्याच्या ताटात गेली, दुसऱ्यानं ती लगेच खाऊन टाकली, त्यावरून हाणामारी होता होता राहिली. वाकडी का होईना, एक ओळ लागली. मधे बोट घालायला फट नव्हती आणि कालवा तर एवढा, की रस्त्यानं चाललेला एक दुधवाला सायकल थांबवून बघत राहिला.

ताटं बघता बघता रिकामी झाली. "मावशी, आजून वाढा की! लय भूक लागलीया!"

हरणाबाई उठायला गेली, तर तिच्या पदरावर क्रांती ऐसपैस बसली होती. तिनं पदर ओढला नाही.

गुरुजींनी पातेलं उचलून आणलं आणि पळी हातात घेतली. "तुम्ही बसा." ते वाकून एकेकाला वाढत ओळीनं पुढं सरकले आणि तिच्यासमोर येऊन थांबले.

"किती वाढू, हरणाबाई?"

अठरा वर्षं हा प्रश्न तीच विचारत आली होती. तिनं ताट थोडं पुढं केलं.