ठमाकाकीचा वाटा

आईच्या रक्तात औषध निम्मंच दिसतंय म्हणे. पुढच्या तपासणीत असंच आढळलं तर नव्या औषधाच्या चाचणीतून तिचं नाव कटणार, आणि दुसरं औषध उरलेलं नाही. डॉक्टर बोलत होते, मी मान हलवत होते. आत काहीच हलत नव्हतं.

हे औषध मला पाठ आहे, एमएस्सीला तेच तर शिकले. पेशीत आरएनएचे निरोप फिरतात, प्रत्येकाच्या टोकाला एक टोपी. ती टोपी धरणारं एक प्रथिन निरोपाला कामाच्या जागी पोचवतं. आईच्या कॅन्सर झालेल्या रक्तपेशींत ते प्रथिन भरमसाट झालंय, म्हणून 'वाढा, वाढा' हाच निरोप सारखा पोचतो. औषध त्या प्रथिनाची टोपी धरायची जागाच अडवतं. पण पुरेसं असेल तर!

नारपोलीला घरी आल्यावर मी तडकलेच. "आई, गोळ्या घेतेस का नुसती डबी हलवतेस?"

"घेते की. एक मी, एक ठमा."

आमच्या दिघाशी गावची रीत आहे. घरात काही नवं आलं, की वानवळा शेजारी जातो. काकडी असो, बोंबील असोत. ठमाकाकी आईच्या माहेरची, तिला अजून नुसतं 'सीता' म्हणणारी, आता इथे शेजारची. तिच्या छातीत गाठ आहे आणि चाचणीत तिला घेतलं नाही.

"अगं बाई, ही काय काकडी आहे? अर्धी घेऊन तुलाही गुण नाही. आणि तिचा आजारच वेगळा."

"कॅन्सर त्यो कॅन्सर. ती बघत बसंल आन् मी एकटी खाऊ?"

डोकं पिकलं माझं. रडू मात्र आलं नाही. उठले आणि काकीच्या दारात गेले. काकी तांदूळ निवडत होती.

"ये गं सोनल. त्या गोळीनं बरं वाटतंय हां मला. दुखणं कमी हाय."

"काकी, ते औषध बंद झालं. कंपनीनंच बंद केलं."

"समद्यांचं?"

"सगळ्यांचं."

काकीनं सूप खाली ठेवलं. फडताळातून पुडी काढली, माझ्या हातात दिली.

"मंग ह्या राहिलेल्या सीताला दे. मला न्हाय कोण मागं. तुला आई लागंल अजून."

मी पुडी घेतली. आईला त्यातली एक लगेच, माझ्यासमोर गिळायला लावली.