फक्कीने आखलेलं शहर

अंबडच्या कारखान्यांची शेवटची भिंत जिथं संपते, तिथून धोंडमाळ सुरू होतो. अडीचशे एकरांचा सलग तुकडा. नाशिक सगळ्या बाजूंनी फुगलं, गंगापूर रोडला बागा जाऊन मजल्यांवर मजले चढले, पण धोंडमाळाकडे कुणी वळून बघितलं नव्हतं. मुरमाड जमीन, अधूनमधून बाजरी-हुलग्याची शेतं आणि आत शिरायला धड गाडीवाट नाही. आता मात्र शहर बांधाला येऊन टेकलं होतं, आणि आज ना उद्या ते आत येणार हे गावातल्या पोरासोरांनाही कळत होतं.

ते कसं आत यावं हे ठरवायचं काम आफिया शेखकडे आलं. आफिया नगररचनेच्या कार्यालयात होती, पस्तिशीची, बोलायला मऊ आणि ठरवलं की न हलणारी. तिला या कामाची ओढ होती, त्याला कारण होतं. ती वाढली ती अंबडमागच्याच एका वस्तीत. तिचे अब्बा, इनायत, कारखान्यात लेथवर होते. वस्तीतली जमीन कुणीतरी गुंठ्यागुंठ्याने विकलेली, रस्त्यासाठी हातभर जागा कुणी सोडलेली नव्हती. अम्मीचं कपाट गल्लीच्या तोंडाशीच अडकलं, तेव्हा ते दोर बांधून पत्र्यांवरून घरात आणावं लागलं होतं. त्यावर सगळी गल्ली हसली होती. पण एका उन्हाळ्यात तिथं आग लागली, बंब नाक्यावरच उभा राहिला आणि माणसं हंडे घेऊन धावली, तेव्हा कुणी हसलं नाही. आफिया तेव्हा शाळेत होती. शहर आधी आखावं लागतं, ही गोष्ट ती कॉलेजात जाण्याच्या आधीच शिकली.

धोंडमाळाची आखणी तिने मन लावून केली. कल्पना साधी होती. सगळ्यांनी आपापली शेतं एकत्र करायची. त्यातून रस्ते, गटारं, शाळा, मैदान आणि बाजाराची जागा काढायची. उरलेली, म्हणजे साधारण निम्मी, जमीन पुन्हा ज्याची त्याला, चौकोनी प्लॉट करून, रस्त्याला लागून परत द्यायची. कुणाची जमीन पूर्ण जाणार नाही आणि कुणाची पूर्ण राहणार नाही.

गावच्या मारुतीच्या सभामंडपात तिने पडद्यावर नकाशा दाखवला. पिवळा, निळा, हिरवा. ती अर्धा तास बोलली, आणि सगळं नीट चाललंय असं तिला वाटत असतानाच केरू उठला. केरूची माळावर चांगली पाच-सहा एकर होती आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"मॅडम, यात माझं शेत कुठं हाय?"

आफियाने पडद्यावर बोट ठेवलं. केरू जवळ येऊन बघत राहिला. मग गावाकडे वळून म्हणाला, "हा निळा चौकोन म्हणं माझं शेत. तुमाला दिसतंय का कुणाला? मला तर नाय दिसत."

लोक हसले, आणि हसता हसता उठून गेले. पूर्वीच्या कुठल्याशा नकाशात ज्यांच्या शेतावर आरक्षणाचा रंग पडला होता, त्यांना वर्षानुवर्षं ना विकता आलं ना बांधता आलं. रंगांवरचा त्यांचा भरवसा केव्हाच उडाला होता.

आफिया सामान आवरून बाहेर आली. शेजारी शाळेच्या पटांगणात दोन बायका बादलीतली पांढरी फक्की मुठीने सोडत कबड्डीचं मैदान आखत होत्या. मैदान पुरतं आखून झालं नव्हतं तरी मुली रेषेच्या आत-बाहेर उड्या मारू लागल्या होत्या. कुठली बाजू कुणाची हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आपले वरिष्ठ देवरे साहेबांसमोर उभी राहिली.

"सर, मला नकाशा माळावर काढायचाय. खऱ्या मापाचा. फक्कीने."

देवरेंनी चष्मा काढला. "अडीचशे एकरांवर?"

"मुख्य रस्ते आणि प्रत्येकाच्या प्लॉटचे कोपरे. पुरेसं आहे."

"आणि लोक तिथंच भांडले तर?"

"भांडू देत. निदान कशावरून भांडतोय ते तरी त्यांना दिसेल."

देवरेंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मोजणीवाले घेऊन जा. पण अंगाशी आलं तर निस्तरायचं तुम्हीच."

"चालेल, सर."

जानेवारीचे दिवस होते, बाजरी निघून माळ मोकळा पडला होता. मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं, मजुरांनी फक्की ओढली. बघता बघता मुरमावर रुंद पांढरे रस्ते उमटले, चौक उमटले. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकून तिच्यावर जमीनमालकाचं नाव लिहिलं. आफिया स्वतः रेषा धरून उन्हात हिंडत होती. आपण कागदावर काढलेला चौक एवढा मोठा असतो हे पाहून तिलाच गंमत वाटली.

रविवारी सगळा गाव आला. सुरुवातीला जत्रेसारखं झालं. पोरं पांढऱ्या रस्त्यांवरून सायकली पळवू लागली, बाप्ये आपली खुंटी शोधत फिरू लागले. लंकाबाईलाही तिची खुंटी सापडली. साठी ओलांडलेली, एकटीच्या बळावर शेत करणारी बाई. तिने चारही खुंट्या फिरून पाहिल्या, मग मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "एवढंच?"

आसपासचे थांबले.

"माझं शेत याच्या दुप्पट हाय. निम्मं गेलं की माझं."

तोवर 'निम्मं' हा नुसता शब्द होता. आता ते डोळ्यांसमोर होतं. एकेक जण आपल्या खुंट्यांकडे नव्याने पाहू लागला. केरू पावलांनी आपली जागा मोजू लागला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. माळावरचा गलबला ओसरला. नकाशात जे लपलं होतं ते आफियाने स्वतःच्या हाताने उघडं करून ठेवलं होतं. पण त्याची तिला लाज वाटली नाही. खरं होतं ते, आणि खरं सांगायलाच ती आली होती.

"हो मावशी," ती लंकाबाईजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली, "निम्मं गेलं. आता तुमच्या जुन्या शेतात जायची वाट कोणती, ते सांगा."

"चांगुणाच्या बांधावरनं," लंकाबाईने हात केला.

गर्दीतूनच चांगुणा म्हणाली, "आणि माझं पीक तुडवत."

"तुझ्या पिकाला काय सोनं लागलंय?"

त्या दोघींचं बांधावरून किती वर्षं चाललंय हे गावाला पाठ होतं. आफियाने त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "मावशी, तुमचे यजमान शेतात पडले, तेव्हा?"

लंकाबाईचा हात खाली आला. तिच्या नवऱ्याला चौघांनी बाजेवर घालून बांधाबांधाने काढलं होतं. दवाखान्याची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली होती, अंबडच्या नाक्यावर. ही गोष्ट गावानेच आफियाला सांगितली होती.

"तुमचं निम्मं गेलं ते इथं आहे," आफिया पांढऱ्या रेषेवर पाय ठेवून म्हणाली. "चला माझ्याबरोबर. कुणाचा बांध न ओलांडता."

लंकाबाई निघाली. रस्ता नुसता फक्कीचा होता, पण ती मधून न जाता कडेकडेने चालली, मोठ्या रस्त्यावर चालतात तशी. मागून बायका निघाल्या, मग सगळेच. शाळेच्या जागेवरून, मैदानावरून, बाजाराच्या चौकोनावरून ती वरात थेट डांबरी सडकेला येऊन लागली. आफिया मध्येच थांबून सांगत होती, इथं गटार, इथं दिवे. ती पुढे म्हणाली, "शहर येणारच आहे. तुम्ही वेगवेगळं विकलंत तरी येईल. मी अशाच एका वस्तीत वाढले, जिथं ते रस्ता गिळून आलं. तिथं आग लागली तेव्हा बंब आत शिरला नाही. ती वस्ती मी तुम्हाला दाखवू शकते, इथून दिसते."

केरूने तिकडे पाहिलं. दाटीवाटीचे पत्रे खरंच दिसत होते. मग तो म्हणाला, "माझ्या भावाचा प्लॉट पार तिकडच्या टोकाला टाकलाय तुमी. आमचे दोन्ही प्लॉट शेजारी-शेजारी येतील का? पुढं एकच इमारत बांधता येईल."

तो होकारच होता, केरूच्या पद्धतीचा. आफियाने खिशातली खुंटी काढली आणि म्हणाली, "चला, बघू."

त्यानंतर दिवसभर माळावर जे चाललं त्याला सभा म्हणता आलं नसतं. कुणाला पूर्वेचं तोंड हवं होतं, कुणाला कोपरा. लोक आपसांत अदलाबदल करू लागले. जिथं जमत होतं तिथं आफिया खुंट्या हलवत होती, जिथं जमत नव्हतं तिथं स्पष्ट नाही म्हणत होती. मैदान छोटं करून प्लॉट वाढवा असं चार जणांनी सुचवलं. ती म्हणाली, "मैदान हलणार नाही," आणि तिच्या आवाजावरून पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. लंकाबाईची एकच तक्रार उरली होती.

"चांगुणाच्या शेजारी मला नको."

"मलाबी ती नको," चांगुणा म्हणाली.

आफियाने दोघींच्या मधून रस्ता दाखवला. "समोरासमोर चालेल?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "समोर चालंल," लंकाबाई म्हणाली. "बांध तर नसंल ना मधी."

पावसाळ्याआधी बहुतेकांच्या संमती आल्या. हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, देवरे साहेबांनी दोन ठिकाणी आफियाचं ऐकलं आणि एका ठिकाणी ऐकलं नाही. बाजाराची जागा तिला हवी होती तिथून थोडी सरकली. योजना मंजूर झाली, आणि पुढच्या हिवाळ्यात धोंडमाळावर पहिल्या रस्त्याची खडी पडली.

रोलर फिरला त्या संध्याकाळी आफिया पाहायला गेली होती. लंकाबाई आपल्या प्लॉटवर होती. तिने त्याला तारेचं कुंपण केलं होतं आणि आत मेथीचे वाफे पाडले होते.

"इमारत कधी, मावशी?"

"खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. बांधीन सावकाश. तोवर रान पडीक कशाला ठेवू?" तिने मेथीची जुडी उपटून मुळांची माती झटकली आणि आफियाच्या हातात दिली. मग रस्त्यापलीकडे चांगुणा आपल्या प्लॉटवर भाजी काढत होती, तिकडे बघून हाक मारली, "ए चांगुणा, टेम्पो येतोय. तुझा माल टाकायचा का यात?"

नव्या खडीवरून टेम्पो हेलकावत आत आला आणि दोघींच्या मधोमध उभा राहिला.