किटलीला साबण लावणारा जावई

मित्रांनो, किटलीला साबण लावू नये एवढंही ज्या जावयाला कळत नाही, त्याच्या हाती सासूने सगळा प्रवास सोपवावा का, तुम्हीच सांगा. मी तर त्याच्या हाती सुतळीचा तोडासुद्धा दिला नसता. निघायच्या आदल्या संध्याकाळी या तोर्केलने मला उचललं, भांडी धुणाऱ्या यंत्रात बशांच्या शेजारी उपडं घातलं, साबणाची वडी टाकली आणि शीळ वाजवत दार लावून घेतलं. जन्मभर मी कमावलेलं सगळं घटकाभरात गटारात वाहून गेलं.

स्वतःची कहाणी सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यांना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. खरं तर तुम्ही माझ्या पणतवंडांच्या वयाचे. मी शाळेत गेले नाही. पण शाळेच्या मास्तरांना मी कॉफी पाजली आहे आणि ते पुस्तक मिटून माझ्याकडे बघत बसायचे, तेव्हा विद्या कुणाकडे जास्त होती ते तुम्ही ठरवा.

मी कॉफीची जुनी किटली. अंग तांब्याचं, आतून कल्हई, तोटी बदकाच्या चोचीसारखी. स्वीडनच्या पार उत्तरेला स्वार्तमीर नावाचं गाव आहे, तिथल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. त्याचे हातोड्याचे ठोके अजून माझ्या पोटावर मोजता येतील. हेडविगच्या लग्नात मी तिच्या घरी आले आणि घर माझंच झालं. उकळत्या पाण्यात जाडसर दळलेली कॉफी टाकायची, तीन उकळ्या येऊ द्यायच्या, गाळ बसावा म्हणून वाळलेल्या माशाच्या कातड्याचा एक तुकडा सोडायचा. मग बशीत ओतून, दातात साखरेचा खडा धरून फुर्र करून प्यायची. लाकूडतोडे जंगलातून कुडकुडत यायचे आणि आधी माझी चौकशी करायचे, मग हेडविगची. वर्षानुवर्षं उकळून माझ्या आत एक काळा थर बसला होता. त्या थरातच सगळी चव. मला धुवायचं ते नुसत्या पाण्याने, हे हेडविगच्या दोन्ही पोरींना चालता येण्याआधी माहीत होतं.

थोरली वेंडला, धाकटी आस्ता. वेंडला लग्न करून दक्षिणेला माल्मोला गेली. आस्ता आईपाशी राहिली, तिचं सगळं केलं. हेडविग गेली, त्या दिवशी माती देऊन आलेल्या लोकांनी माझी कॉफी प्यायली, आस्ता कप विसळत होती आणि वेंडलाने मला शालीत गुंडाळून बॅगेत घातलं. चोरली असं मी म्हणणार नाही. आस्ता म्हणते. त्या दिवसापासून बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक तप झालं.

आणि एवढं करून वेंडलाला माझा काय उपयोग? माल्मोच्या घरात काचेची शेगडी. तिच्यावर मला ठेवलं की ती नुसती टिकटिक करते. आत लोखंड नाही म्हणून मला भांडंच मानत नाही! मग माझी रवानगी फडताळावर झाली आणि माझ्या तोंडात वाळकी फुलं खोचली. जिवंत माणसाच्या तोंडात कुणी वाळकी फुलं घालतं का? मी गप्प बसले. थोरामोठ्यांना गप्प बसावं लागतं.

या हिवाळ्यात एक दिवस जेवता जेवता वेंडला म्हणाली, “मार्चमध्ये आस्ता ऐंशीची होतेय. मी जाणार. किटली घेऊन.”

“आधी फोन कर,” लेक म्हणाली.

“फोनवर काय बोलू? बोलता आलं असतं तर बारा वर्षं घालवली असती का? सकाळी तिच्या अंथरुणात कॉफी नेऊन देणार, गाणं म्हणणार. पण ती उठायच्या आत. एकदा ती उठली, स्वतःची कॉफी स्वतः करून प्यायली, की संपलं. मग मी दारात उभी राहून काय तोंड दाखवू? आणि हे खुबे पुढच्या वर्षी मला स्टेशनपर्यंतसुद्धा नेणार नाहीत.”

वाढदिवसाची कॉफी अंथरुणातच मिळायला हवी. ज्याचा वाढदिवस, तो जागा असला तरी डोळे मिटून पडतो आणि गाणं संपल्यावर उघडतो. आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही हे नाटक येतं. वेंडला सासरी जाईपर्यंत दोघींना मीच उठवत आले.

लेकीला रजा नव्हती. तोर्केल म्हणाला, “कुरकुर करत बसू नकोस वेंडला, मी नेतो तुला. सगळं मी ठरवतो.” आमच्याकडे जावई सासूला नावानेच हाक मारतो. तेवढं एक त्याला बरोबर जमतं.

विमानाचं नाव काढायची सोय नव्हती. विमानात बसायची तोर्केलला लाज वाटते, धुरामुळे म्हणे. माझ्या धुरावर तीन पिढ्या जगल्या, पण असो. मग महिनाभर जेवणाच्या टेबलावर त्याची योजना चालली. माल्मो ते स्टॉकहोम एक गाडी, तिथून रात्रीची उत्तरेची गाडी, वेंडलाच्या खुब्यासाठी खालची बर्थ, पहाटे एका छोट्या स्टेशनावर उतरायचं, समोरच भाड्याची मोटार घ्यायची, मोटारीला बर्फाचे खिळेवाले टायर. गाडी चुकली तर काय, रूळ गोठले तर काय, रेनडियरचा कळप आडवा आला तर काय, सगळ्याची तयारी. माणूस हुशार, नाही म्हणत नाही. फक्त माणसाला तोंड उघडून विचारायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या योजनेत नव्हती.

आणि शेवटी, “किटली अशी काळीकुट्ट कशी न्यायची? चकचकीत करून देतो,” असं स्वतःशीच म्हणून त्याने मला यंत्रात घातलं.

वेंडलाने यंत्र उघडलं, मला नाकाशी धरलं आणि खुर्चीत बसली.

“छान निघाली ना?” तोर्केल म्हणाला.

“लिंबाचा वास येतोय,” वेंडला म्हणाली. पुढे बोलली नाही. स्टॉकहोमपर्यंत बोलली नाही.

रात्रीचा प्रवास नीट झाला, उगाच नावं ठेवणार नाही. पहाटे गाडी वेळेवर पोचली. बाहेर गुडघाभर बर्फ, समोर मोटारीच्या भाड्याचं ऑफिस उघडं, आत दिवा, काउंटरमागे एक तरुण मुलगी, आणि आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. तोर्केल आत शिरला, दाराशेजारच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली आणि बाकावर बसला. चिठ्ठीवर अठ्ठेचाळीस. भिंतीवरच्या पाटीवर सत्तेचाळीस.

मुलगी पाटीकडे बघत होती. तोर्केल पाटीकडे बघत होता. पाटी कुणाकडेच बघत नव्हती.

थोड्या वेळाने वेंडला म्हणाली, “जा की पुढे.”

“नंबर नाही आला अजून.”

“पुढे आहे कोण?”

“सत्तेचाळीस.”

“कुठे आहे सत्तेचाळीस?”

तोर्केलने रिकाम्या खोलीत नजर फिरवली. “बाहेर गेला असेल.”

“अरे बर्फात कुठे मरायला जाईल तो?”

“हळू बोल, वेंडला. ती मुलगी ऐकेल.”

मुलगी ऐकत होतीच. पण बोलणार कशी? तिच्या समोर नंबर कुठे आला होता? घड्याळाचे काटे पुढे सरकत होते. आस्ता सातला उठते, आयुष्यात कधी आठ वाजले नाहीत. वेंडला माझी कडी या हातातून त्या हातात घेत होती. हट्टी बाई, पण खोलीतली शांतता मोडायची हिंमत तिलाही होईना. दक्षिणेत राहून तीही तशीच झाली होती.

मग जे व्हायचं ते मलाच करावं लागलं. नंतर सगळे म्हणाले, किटली हातातून निसटली. निसटली नाही. मी उडी मारली. फरशीवर आदळले ती ठणठण करत थेट काउंटरपर्यंत गेले. झाकण वेगळं होऊन गरगर फिरत काउंटरखाली शिरलं. मुलगी दचकून उठली, वाकली, झाकण हातात घेऊन वर आली आणि तिचा चेहरा उजळला.

“उकळीच्या कॉफीची किटली! माझ्या आजीकडे अगदी अशीच होती. पण ही इतकी चकचकीत कशी?”

“तो विषय नको,” वेंडला म्हणाली. “पोरी, आम्ही मोटारीसाठी आलोय.”

“अगं बाई! मला वाटलं ऊब घ्यायला बसलात. नंबर हलला नाही, म्हणून मी हाक मारली नाही.”

“मग सत्तेचाळीस कोण?” तोर्केलने विचारलं.

“काल संध्याकाळचे एक गृहस्थ. ते केव्हाच गेले. तेव्हापासून पाटी अडकलीय.”

वेंडलाने जावयाकडे जे बघितलं, त्या नजरेवर मी सहज एक उकळी आणली असती.

किल्ली मिळाली. मोटार नवी, तिला प्रत्येक गोष्टीवर आरडाओरडा करायची सवय. बॅगेसकट मला मागच्या सीटवर ठेवलं, तर ती किंचाळायलाच लागली. तिला वाटलं मी माणूस आहे आणि पट्टा बांधलेला नाही. तोर्केलने उतरून मला पट्टा बांधला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी माणसात धरलं, तेही एका भाड्याच्या गाडीने.

जंगलातला रस्ता संपता संपेना. आठ वाजून गेले. वळणावर घर दिसलं आणि वेंडला म्हणाली, “थांब.”

धुराड्यातून धूर निघत होता.

“उठली ती. चूल पेटवली. गाडी वळव, तोर्केल.”

 तोर्केल पुढेच बघत म्हणाला, “परतीचा प्रवास उद्या आहे. आज परत जायचं माझ्या योजनेत नाही.” आणि त्याने गाडी थेट दाराशी नेऊन उभी केली. मी त्याला गाढव म्हणते, पण त्या वेळी गाढवपणाच कामाला आला.

दार नुसतं लोटलेलं. उंबऱ्याच्या आत आस्ताचे बूट, त्यांवरचा बर्फ अजून वितळायचा होता. वेंडलाने पाणी भरून मला चुलीवर ठेवलं आणि बूड टेकताच मला कळलं: लाकूड आत्ताच घातलंय. टेबलावर कप नाही. कॉफीचा वास नाही. आणि आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. घर हलेल एवढा.

आस्ता जन्मात कधी घोरली नाही.

तोर्केल दारातून डोकावला. “वेंडला, अगं ही तर जागी आ—”

वेंडलाने त्याच्या तोंडावर हात दाबला. “गप्प! झोपली आहे ती. दिसत नाही तुला?” तिचे डोळे भरून वाहत होते.

पांघरुणाच्या वर आस्ताच्या कोटाची कॉलर दिसत होती, मोटार बघून धावत आत येताना हातमोजेसुद्धा काढायला वेळ मिळाला नव्हता. माझी कॉफी तयार झाली, वेंडलाने ट्रे धरला, दोघांनी गाणं म्हटलं. वेंडलाचा आवाज मध्येच फाटला, तोर्केलचा सुरुवातीपासून फाटलेला होता. गाणं संपलं. आस्ताने डोळे उघडले. बहिणीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. हातमोजा काढला, बशीत कॉफी ओतली, दातात खडा धरला, फुर्र केलं आणि थांबली.

“साबण,” ती म्हणाली.

तिने बशी खाली ठेवली.

“हिला धुतलं कुणी?”

वेंडलाने बोट दाखवलं. “याने. यंत्रात घातली.”

“यंत्रात? आईच्या किटलीला?”

“मी घरात नव्हते गं. असते तर हात तोडला असता.”

“असल्या माणसाला घरात घेतलंसच कसं?”

“मी कुठे घेतला? लेकीने आणला!”

“आणि तू बघत बसलीस!”

“तूच बघ ना त्याच्याकडे. नंबर घेऊन बाकावर बसतो, सत्तेचाळीसची वाट बघत!”

“कोण सत्तेचाळीस?”

“तेच तर!”

बारा वर्षं अडकून पडलेलं बोलणं त्या साबणाच्या फेसावरून असं घसरत सुटलं की थांबायचं नाव नाही. आस्ता हसून हसून उशीवर पडली. वेंडला कोटासकट तिच्या शेजारी बसली. तोर्केल कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, “मी पुन्हा घासून आणू का?”

“खबरदार!” दोघी एका आवाजात ओरडल्या.

मग आस्ताने हळूच विचारलं, “उद्या हिला परत नेणार?”

“इथेच राहू दे. तिथली शेगडी तिला ओळखसुद्धा देत नाही,” वेंडला म्हणाली. आणि लगेच पुढे, “पण दरवर्षी मला हिचीच कॉफी हवी. यायचं कसं ते तोर्केल ठरवेल.”

तर मित्रांनो, मी पुन्हा माझ्या चुलीवर आहे. थर परत बसायला वर्षं जातील. जाऊ देत, मला घाई नाही. तुम्हाला एवढंच सांगते: जुनी वस्तू काळी दिसली म्हणून ती घाण नसते, तिला हात लावण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा. आणि विचारायला नंबर लागत नाही.

पहिली कॉफी ओतून टाकायला तोर्केलनेच मला मोरीपाशी नेलं. त्याचा हात सवयीने साबणाच्या बाटलीकडे गेला. मी श्वास रोखला. हात थांबला. त्याने बाटली उचलून खिडकीच्या पलीकडच्या टोकाला ठेवली, मला नुसत्या पाण्याने तीनदा विसळलं आणि चुलीवर ठेवून, रिकामा कप हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला. दोघी बहिणींचे कप दोनदा भरले. त्याला कुणी हाक मारली नाही आणि तो पुढे आला नाही. शेवटी मीच झाकण खडखडवलं आणि त्याला मोठ्याने सुनावलं:

“गाढवा, साबण लावलास ते मेले तरी विसरणार नाही. पण बाटली लांब ठेवलीस. ये पुढे, अठ्ठेचाळीस. तुझा नंबर लागला.”