तेवीस माणसं, तेवीस क्लास

"आई, तेवीस? तेवीस क्लास लिहिलेत तुम्ही?"

"मग? वॉर्डात तेवीस पेशंट आहेत."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझीच होती. मी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. खरंच तेवीस होते, एकाच प्रोग्रॅममधले तेवीस वेगवेगळे साचे. एका क्लासचं नाव 'खोकणारे आजोबा', दुसऱ्याचं 'शाळेतल्या बाई', तिसऱ्याचं 'पाय मोडलेला सुतार'. प्रत्येकात वय, ताप, नाडी, औषधाची वेळ, सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलेलं. दोन रविवार मान मोडून केलेलं काम होतं ते. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, क्लास एकच. 'रुग्ण'. बाकी हे सगळे त्याचे ऑब्जेक्ट. मी किती वेळा सांगितलं?"

"सहा वेळा," त्या म्हणाल्या. "सहाही वेळा ऐकलं. पण पटलं नाही."

सासूबाई एकतीस वर्षं नर्स आहेत. गेल्या वर्षी एका जाडजूड पेशंटला कुशीवर वळवताना त्यांची मणक्यातली चकती सरकली आणि पाठीने कायमचा असहकार पुकारला. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. वजन न उचलणारी नर्स वॉर्डात काय करणार? हॉस्पिटलने दोन वाटा ठेवल्या: मुदतीआधी निवृत्ती, नाहीतर चौथ्या मजल्यावरचा संगणक विभाग. तिथे पेशंटच्या नोंदींसाठी नवीन प्रोग्रॅम तयार होत होता आणि त्यांना वॉर्डातलं कळणारं माणूस हवं होतं. अट एकच, प्रोग्रॅमिंगचा तीन महिन्यांचा कोर्स पास व्हायचा. सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसणार. बाईंनी त्याच दिवशी दोनशे पानी वही विकत आणली.

शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात प्रोग्रॅमर मी एकटीच. माझ्या नवऱ्याने "माझी आई आणि माझी बायको, मी मध्ये पडत नाही" असं जाहीर करून अंग काढून घेतलं. सुरुवातीला मला जरा मिरवायलाही मिळालं. माझ्या चपात्यांच्या आकारावर सात वर्षं बोलणाऱ्या बाई माझ्यासमोर वही उघडून बसल्या होत्या. पण परीक्षा आठवड्यावर आली आणि माझा पेशन्स संपला.

"पटायचं काय त्यात?" माझा आवाज चढला. "मशीनला सगळे सारखेच. बारा नंबरचा पेशंट काय आणि तेरा नंबरचा काय..."

"नंबराने बोलायचं नाही."

हे त्या अगदी थंडपणे म्हणाल्या.

"नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी मी हेच शिकवते," त्या सावकाश म्हणाल्या. "माणूस आजारी पडला की आधी त्याचे कपडे जातात, मग चष्मा, मग दात. राहिलेलं नावही घालवून त्याला बारा नंबर करायचा? आणि आता तू म्हणतेस, सगळे एकाच क्लासात कोंबा."

मला स्वतःची लाज वाटली. त्यांना समजत नाही, असं मी महिनाभर धरून चालले होते. समजत सगळं होतं. त्यांचा जीव धजत नव्हता. मी उठून चहा टाकला, कारण माफी मागायला मला जमत नाही.

चहा घेता घेता मी विचारलं, "आई, नवीन पेशंट आला की तुम्ही पहिलं काय करता?"

"केस पेपर काढते."

"प्रत्येकासाठी नवा छापून घेता?"

"वेडी का? कोरा गठ्ठा असतो. त्यातला एक घ्यायचा नि भरायचा." कप तोंडाजवळ नेता नेता त्या थांबल्या. "थांब. तो कोरा कागद म्हणजे क्लास?"

मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"आणि भरलेला, तो ऑब्जेक्ट. म्हणजे रकाने सारखे, माणूस त्याचा त्याचाच." त्यांनी कप खाली ठेवला. "हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. लहान मुलांच्या वॉर्डला वेगळा कागद कधी छापलाच नव्हता. मोठ्यांच्याच केस पेपरला त्या खाली एक पट्टी चिकटवायच्या: सोबत कोण आहे, वजन किती. वरचं सगळं आयतं मिळायचं. इन्हेरिटन्स म्हणतात ते हेच, मी म्हटलं. आणि 'ताप तोंडात बघावा' या छापील ओळीवर त्या दुसरी पट्टी डकवायच्या, 'काखेत बघावा', कारण लहान पोरं थर्मामीटर चावतात. काम, म्हणजे मेथड, वरून आलेली तीच, पण करायची रीत आपली. ओव्हरराइड समजायला मला कॉलेजात अख्खं सत्र लागलं होतं. या बाई ते डिंकाने करत होत्या.

संध्याकाळपर्यंत तेवीस क्लासांचे तीन झाले: 'रुग्ण', आणि त्यातून निघालेले 'मोठे' नि 'लहान मुलं'. त्याखाली मात्र तेवीसच्या तेवीस ऑब्जेक्ट होते, नावानिशी.

परीक्षेला त्यांच्या पाठीमुळे सोबत म्हणून मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. परीक्षक चौथ्या मजल्यावरच्या संगणक विभागातलेच, माझ्यापेक्षाही तरुण होते. त्यांना तीन प्रकारचे रुग्ण हवे होते: मोठे, लहान मुलं, आणि ज्यांच्यावर आता उपचार उरलेला नाही अशांच्या वॉर्डातले. सासूबाई तासभर दोन बोटांनी टाइप करत होत्या. मधेमधे उभ्या राहून कंबर धरायच्या आणि पुन्हा बसायच्या.

परीक्षकांनी कोड वाचला. मान हलवत, भराभर. शेवटच्या क्लासला ते अडले.

"बाई, 'घरी सोडा' ही मेथड मूळ 'रुग्ण' क्लासमध्ये आहे. इथे पुन्हा का लिहिलीत? आपोआप मिळाली असती."

"मिळाली असती, म्हणूनच लिहिली. नाहीतर तुमचं मशीन त्यांनाही औषधं समजावून घरी पाठवेल. ते घरी जात नाहीत हो."

"मग इथे काय होतं?"

"चालवून बघा ना."

त्यांनी चालवलं. स्क्रीनवर एक ओळ आली: 'जवळ बसा.' थोड्या वेळाने दुसरी: 'हात धरा.' पुन्हा 'जवळ बसा.' पुन्हा 'हात धरा.'

"हा लूप थांबणार कधी?" परीक्षकांनी विचारलं.

"श्वास चालू आहे तोवर चालेल. अट लिहिलीय बघा वर."

"पण श्वास थांबला हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. याला मर्यादा घालायला हवी. मशीन अडकून पडेल."

"आम्हीही अडकून पडतो," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या हातात नसतं ते."

परीक्षकांनी पेन उघडलं.

"एक मार्क कापावा लागेल मला."

"कापा की. चूक ती चूक."

त्यांनी एक मार्क कापला, बाकीचे दिले, कागदावर सही केली. मी मागे बसल्या जागी डोळे पुसले. बाई पास झाल्या होत्या.

"अभिनंदन, सिस्टर. सोमवारपासून चौथ्या मजल्यावर या. आता वॉर्डात जायची गरज नाही."

"हो," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने पुन्हा, "हो. आता नाही."

परीक्षकांनी प्रोग्रॅम बंद करायला हात पुढे केला.

"असू दे ना थोडा वेळ," त्या म्हणाल्या, आणि स्क्रीनसमोर बसून राहिल्या.