मोहनच्या जाकिटाचा खिसा

दरवर्षी जूनच्या अठरा तारखेला आमच्या भोपाळच्या कारखान्याच्या टाऊनशिपचं मराठी मंडळ मला खोटं बोलायला बोलावतं. वर शाल देतं. अशा बावीस शाली आमच्या अवधपुरीच्या घरात पडून आहेत. बायको म्हणते, वाटून टाका. कुणाला वाटू? घेणारा विचारेल, कशाबद्दल मिळाल्या.

मोहन माझा लहानपणापासूनचा मित्र. दोघांचेही वडील कारखान्यात, क्वार्टर समोरासमोर. मी कारखान्यात फिटर झालो, तो भोपाळच्याच एका वर्तमानपत्रात बातमीदार. सीमेवर लढाई पेटली तेव्हा त्याने जायचं ठरवलं. पेपरने त्याला रेनकोट दिला, चिलखत नाही. म्हणून तो कागदाचा एक कापलेला तुकडा घेऊन माझ्याकडे आला. "या मापाची पोलादी प्लेट काप. आई जाकिटाला आतून खिसा शिवतेय."

आमच्या वस्तीत यात नवल नव्हतं. कारखान्याच्या शॉपमधल्या भंगारातून घडवलेला तवा नाहीतर इस्त्रीचं स्टँड घराघरात होतं. डब्याच्या पिशवीत घालायचं आणि गेटबाहेर काढायचं. पण नेमका त्याच आठवड्यात गेटवर एक जण तव्यासकट पकडला गेला आणि सस्पेंड झाला. माझं प्रमोशन तोंडावर आलेलं. माझी पाचावर धारण बसली. मोहनला म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. तो म्हणाला, "राहू दे यार, तशीही वजनदारच पडली असती," आणि गुरुवारच्या गाडीने गेला.

नवव्या दिवशी, अठरा जूनला, तोफगोळ्याची कपची त्याच्या छातीत शिरली.

तेराव्याला त्याच्या आईने, लीलाकाकूंनी, भरल्या घरात मला विचारलं, "गजानन, तू प्लेट दिली होतीस ना? फोनवर म्हणाला, आई, बरोबर बसली." आईला घोर नको म्हणून तो थाप मारून गेला होता. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी होकारार्थी मान हलवली. काकू म्हणाल्या, "मग खिसा रिकामा कसा आला? दिली असेल कुणाला तरी. लहानपणापासून असाच तो." दोन दिवसांनी पेपरात छापून आलं, स्वतःचं कवच दुसऱ्याला देणारा पत्रकार. तो दुसरा कोण, हे शोधायला मात्र एकही शहाणा गेला नाही.

तेव्हापासून मी त्या मान हलवण्यात अडकलोय. प्लेट कशी कापली, गेटवर डब्याखाली कशी लपवली, सगळं सांगतो. लोक टाळ्या वाजवतात म्हणून थोडं रंगवूनही सांगतो, आणि मग माझीच मला किळस येते. काकूंना खरं सांगायला तीनदा गेलो, आणि तिन्ही वेळा थालीपीठ खाऊन परत आलो. त्यांच्याजवळ मुलाची एवढी एकच गोष्ट उरली होती. ती कुठल्या तोंडाने काढून घेणार?

यंदा मंडळाचे सेक्रेटरी सुभाषराव म्हणाले, "मोहनचं जाकीट काचेच्या पेटीत ठेवतोय. तुम्ही तशीच एक प्लेट करून द्या. काकूंचीच इच्छा आहे."

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी लांब जवाहर चौकात एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. कागदाचा तो तुकडा माझ्या टूलबॉक्सच्या तळाशी होताच, पिवळा पडलेला. सहा मिलिमीटरचा तेलकट पत्रा कापून कडा घासायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं. मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिलो. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, पानी पियोगे?"

अठरा तारखेला सकाळी प्लेट घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी जाकीट मांडीवर घेतलं आणि आतल्या खिशात प्लेट सरकवली. माप तेच, तेव्हा ती बसायलाच हवी होती. जाकीट उलटून धरलं, तर छातीवरच्या भोकामागे पोलाद चमकत होतं. मला बघवेना.

काकूंनी प्लेट पुन्हा बाहेर काढली. खिशाच्या पांढऱ्या कॅनव्हासवर तेलाची काळी चौकट उमटली होती. ती त्या अंगठ्याने घासत राहिल्या.

"रक्त निघालं होतं रे," त्या म्हणाल्या. "हे निघत नाही. तीस वर्षं तुझ्या काकांचे कारखान्याचे कपडे धुतलेत मी."

मी खाली बघत होतो.

"हे जाकीट आलं तेव्हा खिसा पांढरा होता, गजानन."

"काकू, मी..."

"थांब. तो खोटं बोलला ते मला झोप लागावी म्हणून. तू कशासाठी बोललास, ते मला ऐकायचं नाही."

त्यांनी सुईत दुहेरी दोरा ओवला. प्लेट परत आत घातली आणि खिशाचं तोंड शिवायला घेतलं, बारीक, जवळजवळ टाके घालत. मी समोर बसून होतो. उठायची हिंमत नव्हती. गाठ मारून त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"पाचला कार्यक्रम आहे. गेटवर कशी लपवली होतीस, तेही सांग. लोकांना ते आवडतं."

मी गेलो. सगळं सांगितलं, गेटचंसुद्धा. काकू पहिल्या रांगेत बसून माझ्याकडेच बघत होत्या. तेविसावी शाल त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर घातली.